पंजोबाचा गूळ

"निवाऽस! मागं काय बघतोस? मागं तुझी सासू ऱ्हायलीय व्हय?"

तोंडात शिट्टी धरून ओरडायची सुभेदार आबांची कला मला अजूनही जमलेली नाही. थंडीचे दिवस होते, ज्वारी हुरड्यात आलेली. खडकवाडीच्या माळावर आम्ही भरतीची पोरं पळत होतो, आणि धुकं इतकं की पुढच्याच्या फक्त टाचा दिसाव्यात. माझ्या पुढं बजा साळुंखे होता. त्याच्या टाचा बघत पळायचं, एवढंच माझं काम.

आणि मग ते आलं.

आधी वास यायचा. भाजलेल्या हुरड्याचा, अगदी नाकाशी, आणि जवळपास कुठं शेकोटी नसायची. मग उजेड पिवळा व्हायचा, घासून ठेवलेल्या पितळी तांब्यासारखा. लांब कुठंतरी बँड वाजू लागायचा. आणि त्यामागोमाग ती खात्री, की हे सगळं आधी होऊन गेलंय. हा माळ, ह्या टाचा, ही शिट्टी. मी इथून कधीतरी पळत गेलोय, दुसऱ्याच कुणाच्या पायांनी. भीती म्हणाल तर अजिबात नाही. उलट इतकं बरं वाटायचं, की परत येऊच नये.

भानावर आलो तेव्हा मी पळत नव्हतो. शर्टाचं वरचं बटण चाचपत उभा होतो. समोर आबा. शिट्टी तोंडातून काढलेली.

"आल्तं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हां."

"काय म्हणालं?"

"काय न्हाय. बँड वाजत हुता."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. सुभेदार म्हणून पेन्शनीत आलेला माणूस, माझा सख्खा चुलता, पोरांना आईबहिणीवरून शिव्या देणारा. पण माझ्यापुढं अशा वेळी उघड्या डोक्यानं उभा राहायचा.

"बसऱ्याचा बँड," ते म्हणाले. "माझ्या आज्यानं ऐकलेला."

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या वाडीत घर तिथं फौजी. लेकराला बोलता यायच्या आधी सॅल्यूट येतो असं शेजारगाव चेष्टेनं म्हणतं, आणि ते फारसं खोटं नाही. माझे पंजोबा, बाळाराम महाडिक, पहिल्या महायुद्धात लामावर गेले. लाम म्हणजे लढाई, जुनी माणसं तसंच म्हणायची. इराकात बसऱ्याकडं कुठंतरी वाळूत पडले. माती नाही, राख नाही, काही परत आलं नाही. वेशीजवळ काळा दगड आहे, त्यावर त्यांचं नाव कोरलंय.

तर हे पंजोबा माझ्यात येतात, असं साऱ्या वाडीला माहीत होतं. मी लहान असल्यापासून. माझी नजर एकाएकी लांब लागली, हात बटणाशी गेला, की बायका हात जोडायच्या. कुणी म्हशीचं विचारायचं, कुणी लेकीच्या सोयरिकीचं. मी काय सांगणार, कपाळ? मी नुसता उभा असायचो. पण त्यांचं त्यांना उत्तर मिळायचं. सगळी वाडी मला "पंजोबाचं पोरगं" म्हणायची, आणि मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

म्हणून मी फौजेत जाणार हे ठरलेलंच होतं. त्यात विचारायचं काय? पंजोबाच परत पलटणीत निघालेत, असं आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आणि मला तरी दुसरं काय हवं होतं! झोपेत सुद्धा माझ्या पायात बूट असायचे.

आईचं मात्र काही कळायचं नाही. आमचे अण्णा, माझे वडील, फौजेत असतानाच गेले, पहाडातल्या रस्त्यावर गाडी दरीत कोसळून. मी तेव्हा पाच वर्षांचाही नव्हतो. आईनं त्यावर कधी रडगाणं लावलं नाही. एवढंच, की रोज दिवेलागणीला ती मला गुळाची एक गोळी खायला द्यायची. तीळ लावलेली, बोराएवढी. पंजोबाचा नैवेद्य म्हणून. काही झालं तरी ती चुकायची नाही. पाहुण्यांकडं गेलो तर कनवटीला बांधून आणायची. जत्रेत पाळण्यात बसलो होतो, तर पाळणा थांबवून दिली होती.

"आई, ह्यो कडू का लागतो गं?"

"बसऱ्याचं पाणी कडू हुतं म्हणं. गप गिळ."

भरतीला आम्ही जिल्ह्याच्या गावी गेलो, आबा, बजा आणि मी. निघताना आईनं फडक्यात गुळाच्या गोळ्या बांधून दिल्या. "रोज सांजच्याला एक. विसरलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

विसरलो नाही. बजानं खाल्ल्या. मैदानाशेजारच्या धर्मशाळेत उतरलो होतो, रात्री त्याला भूक लागली, आणि ह्या गड्याची भूक म्हणजे भूकच. उरलेल्या सगळ्या एकदम तोंडात टाकल्या. मी म्हटलं, जाऊ दे, पंजोबाचा प्रसाद आहे, त्यालाही बळ येईल. बळ कसलं येतंय! सकाळी बजा उठेचना. हलवला, चिमटे काढले, आबांनी कानात शिट्टी फुंकली. कुंभकर्णाचा अवतार! शेवटी बादली ओतली तेव्हा उठला आणि झुलतच मैदानावर आला. तरी पळाला, घोड्याच्या जातीचा. मीही पळालो. माझी मात्र सकाळी जीभ चावलेली होती आणि अंग दगडानं ठेचल्यासारखं दुखत होतं. वाटलं, स्वप्नात कुणाशी तरी मारामारी केली असेल.

दोघंही पास झालो. आता फक्त डॉक्टरी तपासणी उरली.

घरी येऊन मी आईच्या पाया पडलो. ती भाकरी थापत होती.

"छाती भरली?"

"भरली."

"उंची?"

"भरली की."

"पळालास?"

"पहिल्या पाचात आलो, आई!"

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्याकडं बघत बसली. भाकरी करपली. मी म्हटलं, "अगं, साखर वाट की वाडीत!"

"पलटणीत गूळ मिळतो का रं?" तिनं विचारलं.

मला हसू आलं. "पंजोबा स्वतःच निघाल्यात माझ्यासंगं. आता कशाला नैवेद्य?" आणि मग मी रंगवून रंगवून बजाची गोष्ट सांगितली, गूळ कसा खाल्ला, बादली कशी ओतली. मला वाटलं, आई पोट धरून हसेल. ती पिठाच्या हातानंच उठली आणि बजाच्या घरी गेली. मी मागून गेलो तर बजा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता, आणि आई त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"काकी, काय झालं?" बजा विचारत होता.

"काय न्हाय, लेकरा. जेवतोस न्हवं नीट?"

त्या रात्री मी तिला देव्हाऱ्यापुढं बसलेलं पाहिलं आणि म्हटलं, चला, शेवटी आईचं काळीज आहे. एवढंच समजलो मी. अक्कल गहाण ठेवलेलं वय ते.

आमच्या वाडीत एक रीत आहे. पोरगं मैदान मारून आलं की तपासणीला निघायच्या सकाळी वेशीतल्या काळ्या दगडापाशी त्याचं "देणं" होतं. आई पोराला ओवाळते, त्याचा उजवा हात दगडावर ठेवते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते: "धडधाकट देते, धडधाकट परत दे." हे म्हटल्याशिवाय पोरगं वेशीबाहेर पाऊल टाकत नाही. दगडाशी खोटं बोललं तर काय होतं, हे कुणी सांगत नाही. तशी वेळच कधी आलेली नव्हती.

त्या सकाळी ऊन कोवळं होतं. जीप उभी होती. हौसाबाईनं, म्हणजे बजाच्या आईनं, बजाला ओवाळलं आणि त्याचा हात दगडावर दाबून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "धडधाकट देते, धडधाकट परत दे." म्हणता म्हणता रडलीही. सगळ्याच रडतात.

मग आई आली. तिनं मला कुंकू लावलं. ओवाळलं. माझा हात दगडावर ठेवला. दगड गार होता आणि तिचा हात त्याहून गार.

आणि ती बोलेचना.

आबा घसा खाकरले. भावजयीशी ते थेट कधी बोलत नसत, आणि आईही त्यांच्यापुढं उभी राहून बोलत नसे. "हौसाबाई," आबा म्हणाले, "तिला म्हणावं, उशीर होतोय. म्हण म्हणावं."

त्याच वेळी मला हुरड्याचा वास आला.

ऊन पिवळं झालं, पितळी. वेस, जीप, बायकांची लुगडी, सगळं लांब गेलं आणि तरी लख्ख दिसत राहिलं. बँड वाजू लागला. मला इतका आनंद झाला! म्हटलं, आले, ऐन वेळेला आले, निरोप द्यायला. आईचे ओठ हलत होते. तिचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता, आणि ती काय बोलणार ते मला आधीच माहीत होतं. हे सगळं होऊन गेलेलं होतं. ह्याच दगडावर माझा हात होता, हीच बाई हेच बोलली होती, आणि मी कुठंही गेलो नव्हतो. आणि तेही बरंच वाटत होतं.

उजेड पुन्हा पांढरा झाला तेव्हा माझा डावा हात बटणाशी होता. कुणीही हात जोडलेले नव्हते. सगळे आईकडं बघत होते.

"काय म्हणाली?" मी बजाला विचारलं.

बजा खाली बघत राहिला. आईनंच पुन्हा सांगितलं, ह्या खेपेला मला.

"धडधाकट न्हाईस तू, निवास. तुला फिट येती."

"काय बोलतीस?"

"आत्ता आल्ती ती बी फिटच. अण्णा गेल्यावर वरीसभरानं सुरू झालं. तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, रोज द्या म्हणाला, खंड पाडू नगा. त्या मी कुटून गुळात घालती." मग ती आबांकडं वळली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलली. "पंजोबा-बिंजोबा काय न्हाय, आबा. त्यो मी आणला."

आबांचा चेहरा मला अजून दिसतो. "आणला म्हंजी?"

"पयल्यांदा पोरगं अंगणात पडलं, हातपाय झाडाय लागलं. हितल्याच बायका धावल्या. कुणी नाकाला चप्पल लावाय लागलं, कुणी कांदा. एक म्हणाली, फेफऱ्याचं पोर, ह्याच्या ताटातलं पोरास्नी खाऊ दिऊ नगा. माझा नवरा जाऊन वरीस झालेलं. मला काय सुचंना. म्हणलं, चप्पल लांब करा, पंजोबा आल्यात!" ती थांबली. "सगळ्यांनी चप्पल टाकली आन् हात जोडलं. मग मला मागं फिरता आलं न्हाय."

दोन-तीन बायकांनी माना खाली घातल्या.

"मला वाटलं, छाती भरायची न्हाय," आई म्हणाली. "वाटलं, पळायचा न्हाय. रोज देवाला म्हणत हुते, पाडा त्याला. तर ह्यो पहिल्या पाचात!"

आबा पुढं आले. आईकडं बघत त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "हे बघ. तिथं डॉक्टर नुसता इचारतो. फिट येती का? न्हाय म्हणायचं. एका शब्दाचा तर प्रश्न हाय. आन् गोळ्याचं मी बघतो, मी धाडीन. माझ्या भावाचं पोरगं हाय ते."

माझ्या जिवात जीव आला. मी म्हटलं, "मी म्हणंन न्हाय! आई, तू फक्त बोल, बाकीचं मी बघतो."

आईनं आरतीचं ताट जमिनीवर ठेवलं. ती हौसाबाईकडं गेली, तिच्या अगदी समोर.

"ह्यो न्हाय म्हणंल, हौसाबाई. पास बी हुईल. मग कुठंतरी बर्फात हे दोघं चौकीवर असतील. बजा झोपला असंल आन् ह्यो पहाऱ्याला. आन् तवाच ह्याला हुरड्याचा वास आला तर? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणत असाल तर म्हणते, धडधाकट देते."

हौसाबाईनं बजाचा दंड धरला आणि त्याला स्वतःकडं ओढलं. थोडंसंच.

आबांनी ते पाहिलं. त्यांनी शिट्टीची दोरी मुठीत गुंडाळली. मग म्हणाले, "बजा, बस जीपमधी." माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत माझा हात दगडावरच होता.

मी आईला काय काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. "तू मला जित्ता मारलास," हे त्यातल्या त्यात बरं वाक्य होतं. नवरा गेला म्हणून पोराला पदराखाली लपवतेस, असंही म्हणालो. वाडीही तेच म्हणत होती. कालपर्यंत हात जोडणारी माणसं आता मी आलो की पोरं आवरून घ्यायची. आई सगळं ऐकायची आणि दिवेलागणीला गूळ पुढं करायची. मी तो तिच्यादेखत उकिरड्यावर टाकायचो.

व्हायचं तेच झालं. होळीच्या सुमाराला विहिरीच्या काठावर कोसळलो. भुवईवरची ही खूण तेव्हाची. शुद्धीवर आलो तेव्हा कुशीवर होतो आणि माझ्या डोक्याखाली आबांची टोपी होती. गर्दीत कुणाच्याही हातात चप्पल नव्हती. आबा सगळ्यांना आईबहिणीवरून शिव्या देत मागं सारत होते, "वारा येऊ द्या पोराला!" पलीकडं आई बसली होती. ओठांवर पदर दाबून. तिला असं बघून माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला आणि मी लहान पोरासारखा रडलो.

पुढं मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. नव्या गोळ्या सुरू झाल्या, उघड उघड, पाण्याबरोबर. त्या लागू पडल्या. फिट थांबली. आणि हुरड्याचा वास थांबला, पितळी ऊन थांबलं, बँडही थांबला. बरं झालं म्हणून लोक पेढे मागत होते. मी दिलेही. पण खरं सांगू? मला पंजोबांची फार आठवण यायची. कधीच न आलेल्या माणसाची इतकी आठवण येते, हे कुणाला सांगणार!

मी शेवटी शिपाई झालोच, हायस्कुलात. घंटा देतो. लग्न झालं, पोरं झाली. आबा गेले तेव्हा त्यांची शिट्टी माझ्या गळ्यात आली, आणि आता माळावर मीच ओरडतो. माझ्या हातून गेलेली पोरं आज कुठं कुठं पहाऱ्यावर उभी आहेत.

बजा हवालदार होऊन पेन्शनीत आला, धडधाकट. गेल्या हिवाळ्यात त्यानं शेतात हुरडा केला. आईला मी हात धरून नेलं. आता तिला दिसतं कमी. बांधावर घोंगडी टाकून तिला बसवलं. हौसाबाईला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून बजा आईचंच सगळं बघत होता, चटणी दे, दही दे. बोलता बोलता म्हणाला, "वर चौकीवर दोघंच असायचो, काकी. एक झोपला की दुसऱ्यानं डोळा मिटायचा न्हाय. एवढंच काम." आणि मग उगाच आगटीत काटक्या सारत बसला. त्यानं गरम हुरडा तिच्या ओंजळीत घातला.

ऊन उतरतीला लागलं होतं. वारा फिरला आणि धूर माझ्याकडं आला. तो वास! नाकाशी, अगदी तसा. माझे पाय थांबले. ज्वारीवरचं ऊन पिवळं झालेलं. लांब कुठल्या तरी वाडीत लग्नाचा बँड वाजत होता. मी वाट बघत उभा राहिलो. पण पुढचं काही आलंच नाही. वास हुरड्याचाच होता आणि ऊन संध्याकाळचं.

आईनं माझं मनगट धरलं. मी गप्प झालो की तिला अजूनही कळतं.

"आले का रं?"

मी म्हणणार होतो, नाही गं, हुरडाच आहे. पण तिच्या आवाजात भीती नव्हती. मी खाली बसलो.

"का गं? काय काम हुतं?"

"इचारायचं हुतं," ती म्हणाली. "पोरगं दिलं न्हाय म्हणून रागावल्यात का."

ज्या बाईनं त्यांना स्वतःच्या तोंडानं आणलं होतं आणि भर वेशीत स्वतःच घालवलं होतं, ती विचारत होती. मी बजाकडं पाहिलं. तो आगटीकडं बघत राहिला.

मी डोळे मिटले. हात वरच्या बटणाशी नेला. आवाज जमेल तेवढा जड केला.

"नातसूनबाई," मी म्हणालो, "पोरगं धडधाकट हाय."

माझं नाटक तिला ओळखू येणार नाही असं कसं होईल! आता एक धपाटा बसणार, म्हणून मी हळूच डोळे उघडले.

तिनं हातातला हुरडा खाली ठेवला होता, आणि डोक्यावरून पदर घेतला होता.